पीडीएफचा नाद सोडा

मागच्या मे महिन्यात मामीचा फोन आला. "मामानं ते इंटरनेटवर लिहिलेलं सगळं तुझ्याकडं आहे ना रे? माझ्या फोनवर टाक. आता डोळ्याचं ऑपरेशन झालंय, निवांत वाचते." मी म्हणालो, "आहे की. रात्री पाठवतो."

ती रात्र सात आठवडे चालली. आणि तरी सगळं पाठवता आलं नाही ते नाहीच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांचा डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी सुखरूप नेणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्याचाच पगार घेतो. त्यामुळे ही फजिती सांगताना लाज वाटते. पण हीच चूक आत्ता तुमच्याही फोनमध्ये होत असणार, अशी माझी खात्री आहे. तुमच्या गॅलरीत आवडलेल्या लेखांचे स्क्रीनशॉट आहेत आणि डाउनलोड्समध्ये न उघडलेल्या पीडीएफ आहेत, आणि याला तुम्ही 'सेव्ह केलंय' असं म्हणता. माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

आधी मामाचं सांगतो. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. आजोळचं जुनं गाव इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी होतं, ते उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. आज पुण्याची मंडळी भिगवणला फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातात ना, तेच पाणी. दुष्काळी वर्षात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि सगळे चॅनेलवाले तिकडे धावतात. मामाला त्याचा राग यायचा. "देवळाला काय झालंय? ते दगडाचं आहे, आहे तिथं आहे. माझ्या गल्लीचं विचारा." म्हणून त्यानंच लिहायला घेतलं. २०१२ ते २०१५ या काळात एका मराठी संकेतस्थळावर टोपणनावानं त्यानं अकरा लेख लिहिले. वेस, तालीम, आड, बाजाराचा दिवस, गाव हलवताना कुणी घराची चौकट काढून नेली आणि कुणी नेली नाही, असं सगळं.

लेख चांगलेच होते, पण खरा ऐवज लेखांखाली होता. पाण्यात गेलेल्या आसपासच्या गावांतली माणसं, त्यांची मुलं, कुणी पिंपरीत, कुणी मस्कतमध्ये, तिथं येऊन लिहीत होती. पाचव्या लेखाखाली एकानं वहीच्या पानावर पेन्सिलीनं गावाचा नकाशा काढून त्याचा फोटो टाकला. मग बाकीच्यांनी चुका काढल्या. आड तालमीच्या मागं नव्हता, पुढं होता. अमक्याचं घर दोन घरं अलीकडं. वाद घालत घालत एक पूर्ण गाव त्या प्रतिसादांमध्ये पुन्हा मांडलं गेलं. हे कुठल्याही सरकारी नोंदीत सापडणार नाही.

२०१६ मध्ये ते संकेतस्थळ बंद होणार अशी सूचना आली. चालवणाऱ्यांची चूक नव्हती. पदरचे पैसे घालून कुणी किती वर्षं सर्व्हरचं भाडं भरायचं? मामानं मला हॉस्टेलवर फोन केला. "तू काँप्युटरचं शिकतोस ना, उतरवून घे."

मी उतरवून घेतलं. कसं, ते ऐका.

पहिले चार लेख मी 'एमएचटीएमएल' नावाच्या फॉरमॅटमध्ये ठेवले, कारण क्रोममधलं एक लपलेलं सेटिंग चालू केलं की तो पर्याय मिळतो हे मला नुकतंच कळलं होतं आणि रूममेटला दाखवायचं होतं. नंतर कंटाळा आला. पाच ते नऊ हे लेख साध्या 'सेव्ह अ‍ॅज'नं ठेवले. तसं केलं की एक एचटीएमएल फाइल मिळते आणि शेजारी त्याच नावाचं एक फोल्डर. फोल्डरमध्ये शंभर बारीकसारीक फाइली, विचित्र नावांच्या. पेन ड्राइव्हवर कॉपी करताना मला तो कचरा वाटला. मी फक्त एचटीएमएल फाइली घेतल्या आणि ती फोल्डरं उडवली. दहाव्याच्या वेळी साइट रखडत होती, म्हणून मामेबहिणीला म्हटलं, फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेव. अकरावा उद्या करू म्हटलं. मामानं स्वतः तीन लेखांची प्रिंट घेतो तशी पीडीएफ करून ठेवली होती.

एकाच माणसाचं लेखन, चार प्रकारे ठेवलेलं. प्रयोगशाळेतसुद्धा इतका नीट प्रयोग कुणी मांडला नसता. २०२१ मध्ये मामा गेला. प्रयोगाचा निकाल बघायला मी नऊ वर्षं लावली.

वेबपेज ही एक वस्तू नसते, हे आधी डोक्यात बसायला हवं. फोटो ही एक फाइल असते, गाणं ही एक फाइल असते. वेबपेज म्हणजे निरोपांची यादी असते: हा मजकूर दाखव, त्या पत्त्यावरून अमुक चित्र आण, दुसरीकडून फॉन्ट आण, तिसरीकडून रंगरूप आण. तुम्ही पान उघडता तेव्हा ब्राउझर त्या क्षणी दहा ठिकाणी धावून सगळं गोळा करतो आणि मांडतो. नुसती एचटीएमएल ठेवली तर यादी तुमच्याकडे राहते आणि सामान दुकानातच. दुकान बंद पडलं की यादी वाचत बसायची. पाचव्या लेखात नकाशाच्या जागी माझ्याकडे एक रिकामी चौकट आहे आणि तिच्यात फोटोच्या फाइलचं नाव. फोटो त्या फोल्डरमध्ये होता. मी उडवलेल्या.

फॉन्टचं दुखणं तर आपलं खास घरचं आहे. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरायची. फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच क्रमांक, फक्त त्यांवर देवनागरीचं चित्र चढवलेलं. मामाच्या जुन्या सीडीवर २००४ साली उतरवलेली उजनीवरची एक बातमी सापडली. उघडली तर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी अक्षरं. मजकूर शंभर टक्के शाबूत, आणि एक शब्द वाचता येत नाही, कारण फॉन्ट बरोबर नाही. तेव्हा पान ठेवायचं म्हणजे त्याला लागणारं सगळं सामानसुमान त्याच्याच पोटात ठेवायचं. ज्या फॉरमॅटला हे जमत नाही तो बाद. म्हणजे फाइल-अधिक-फोल्डर हा प्रकार बाद. तो तांत्रिकदृष्ट्या वाईट नाही, पण त्याला माझ्यासारखी माणसं हाताळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोल्डर मागं राहतं, बॅकअपमध्ये वेगळं होतं, साफसफाईत जातं.

आता पीडीएफ. मराठी माणसाचं पीडीएफवर काय प्रेम आहे मला कळत नाही. दिवाळी अंक पीडीएफ, पंचांग पीडीएफ, सोसायटीची नोटीस पीडीएफ, 'ही दुर्मिळ पीडीएफ वाचाच' असे ग्रुपवर रोजचे मेसेज. पीडीएफ अडोबीनं १९९३ मध्ये आणली ती छापायच्या कागदासाठी. कागदाचा आकार ठरलेला, त्यावर कुठलं अक्षर कुठे बसेल ते ठरलेलं. त्या कामात तिला तोड नाही. पण तुम्ही वाचता फोनवर. ए-फोर कागद सहा इंची पडद्यावर चिमटीनं मोठा करायचा, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायचा, पुन्हा डावीकडे आणायचा. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला मी हे पाठवायचं?

आणि हे फक्त वरवरचं. मामाच्या पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून बघितला. 'किनारा' मधली वेलांटी 'क'च्या आधी येऊन पडली, जोडाक्षरं फुटली, काही ठिकाणी नुसते चौकोन. असं का होतं? कारण देवनागरी लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा आहे. 'कि' लिहिताना युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी असते. कागदावर मात्र वेलांटी आधी काढलेली दिसते. पीडीएफ मुळात काय काढलंय ते लक्षात ठेवते. कुठल्या आकृतीमागे कुठलं अक्षर होतं, याची नोंद तिच्यात नीट असेल तर बरोबर कॉपी होतं, नसेल तर हा चिवडा. इंग्रजीत बहुतेक वेळा एक आकृती म्हणजे एक अक्षर, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्यांना हा त्रास फारसा जाणवत नाही आणि त्यांनी लिहिलेले 'पीडीएफ बेस्ट' असे सल्ले आपण डोळे मिटून घेतो. नोंद पक्की असलीच पाहिजे अशी अट घालणारे पीडीएफचे प्रकार आहेत, मला माहीत आहे. तुमच्या मोबाइलमधलं 'प्रिंट टू पीडीएफ'चं बटण ती अट पाळतंय का, हे तुम्ही कधी तपासलंय? आत्ता तपासा. एखादी मराठी पीडीएफ उघडा आणि तिच्यात समोर दिसणारा एक जोडाक्षरी शब्द शोधून बघा.

जो मजकूर शोधता येत नाही, तो मजकूर म्हणून मेलेला आहे. त्याचं चित्र उरलंय.

त्यापेक्षाही वाईट गोष्ट पुढं आहे. पाचव्या लेखाची पीडीएफ मामानं केली होती, म्हणजे नकाशा तिच्यात असायला हवा. आहे. सहाव्या पानाच्या तळाला अर्धा आणि सातव्याच्या माथ्यावर अर्धा. कागद जिथं संपला तिथं गाव कापलं गेलंय, आणि कापलेल्या रेषेवर जी गल्ली होती तिची नावं धड वरच्या तुकड्यात नाहीत, धड खालच्या. धरणानं गाव एकदा बुडवलं, आणि ए-फोरनं ते पुन्हा मधोमध चिरलं.

स्क्रीनशॉटबद्दल फार बोलत नाही. मामेबहिणीनं मन लावून तेवीस काढले होते. नंतर फोन बदलताना ते व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवले, तेव्हा ते दाबले जाऊन धूसर झाले आणि त्यांचा क्रमही गेला. आठवा आणि नववा यांच्यामध्ये एक नाहीच. हल्ली लोक म्हणतात, गूगल लेन्स मराठी वाचतं, मग काय अडलं? वाचतं, बऱ्यापैकी वाचतं. पण मामानं लेखात दिलेल्या लिंक कुठं जात होत्या ते लेन्सला कसं कळणार? 'आणखी प्रतिसाद' या बटणामागं काय होतं ते? मुळात समोर धडधडीत मजकूर असताना त्याचा फोटो काढायचा आणि मग त्या फोटोतून मजकूर परत ओढून काढायचा, हा उपद्व्याप कशासाठी?

उरले एमएचटीएमएलचे चार लेख. इथं मी शेर होतो. एकच फाइल, चित्रं आत, रंगरूप आत. क्रोममध्ये उघडली तर पान जसंच्या तसं. तुमच्यापैकी अँड्रॉइडवाल्यांनी क्रोममध्ये डाउनलोडचा बाण दाबून पान ठेवलं असेल, तर तेही बहुधा हेच आहे. १९९९ चं जुनं, रीतसर मानक आहे, आरएफसी २५५७. मूळ कल्पना ईमेलची: एका पत्राला चित्रं जोडायची असतात तसं पानाला त्याचे तुकडे जोडायचे. पण ईमेलबरोबर ईमेलचं आजारपणही आलं.

चारही लेखांत 'वेस' हा शब्द कुठं कुठं आलाय ते मला बघायचं होतं. पूर्ण फोल्डरमध्ये शोध लावला. उत्तर शून्य. 'तालीम', शून्य. 'उजनी', शून्य. मी अर्धा तास समजून बसलो की फाइली खराब झाल्या. मग एक फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि कपाळाला हात लावला. जुन्या ईमेल व्यवस्थांना इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं पचायची नाहीत, म्हणून त्यांचं सोंग बदलून पाठवायची पद्धत होती. क्रोम मजकूर त्याच पद्धतीनं ठेवतो. देवनागरीचं एक अक्षर युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतं; इथं प्रत्येक बाइटच्या जागी एक बरोबरचं चिन्ह आणि दोन आकडी-अक्षरी कोड. म्हणजे एक 'क' लिहायला नऊ चिन्हं. 'उजनी'ची छत्तीस. इंग्रजी शब्द मात्र त्याच फाइलमध्ये उघड्या डोळ्यांनी वाचता येतात. मराठी मजकूर तिप्पट फुगतो आणि वर अदृश्य होतो. कुणी मुद्दाम केलं नाही हे. फक्त बनवताना आपण कुणाच्या डोक्यात नव्हतो.

मी प्रोग्राम लिहून ते उलगडलं, वीस ओळींचं काम. पण मामीनं तो प्रोग्राम कुठून आणायचा? आणि फायरफॉक्स ही फाइल आपणहून उघडत नाही. आयफोनवाल्या भाच्याला पाठवली तर त्याला नुसतं ते कोडचं जंजाळ दिसलं. एका ब्राउझरच्या मर्जीवर जगणारा फॉरमॅट मी जपणूक म्हणून मानत नाही. याचे दाखले आहेत. फायरफॉक्सच्या एका एक्स्टेन्शनचा 'एमएएफएफ' नावाचा सुरेख फॉरमॅट होता, लोकांनी वर्षानुवर्षं त्यात पानं साठवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची सत्तावन्नावी आवृत्ती आली, जुनी एक्स्टेन्शनं बंद झाली आणि ते दार बंद झालं. नशीब एवढंच की ती आतून साधी झिप फाइल होती, त्यामुळे नाव बदलून उघडता येते. अ‍ॅपलच्या सफारीचा 'वेबआर्काइव्ह' तर अ‍ॅपलच्या घराबाहेर पाऊलच टाकत नाही.

'नंतर वाचू' छापाची अ‍ॅप्स वापरणाऱ्यांनी हसू नये. पॉकेट हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, मोझिलानं ते ८ जुलै २०२५ ला बंद केलं. आपला डेटा घेऊन जा म्हणाले. लोकांनी घेतला, तर त्यात लेख नव्हते, लेखांच्या लिंक होत्या. म्हणजे परत यादीच.

मग तू काय वापरतोस? असं मला ऑफिसात एकानं विचारलं, आणि उत्तर ऐकून तो भडकला. मी म्हणालो, एकच एचटीएमएल फाइल, सगळं सामान पोटात. 'सिंगलफाइल' नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे, जिल्दास लोर्मो नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरचं. काँप्युटरवरच्या क्रोम, एज, फायरफॉक्सवर चालतं आणि मुख्य म्हणजे अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही चालतं. बटण दाबलं की ते पानावरचं प्रत्येक चित्र, प्रत्येक फॉन्ट, रंगरूपाच्या सूचना हे सगळं उचलून अक्षरांच्या रूपात त्याच एचटीएमएलमध्ये गुंफतं. ही युक्ती त्यानं शोधलेली नाही. चित्राचा डेटा पत्त्याच्या जागीच लिहायची सोय १९९८ पासून मानकात आहे आणि आजचा प्रत्येक ब्राउझर ती जाणतो. चित्रं सुमारे एक तृतीयांश फुगतात, ते सोसायचं. मजकूर मात्र आहे तसा, सरळ मराठीत. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, 'वेस' शोधा, सापडते. फाइलच्या माथ्यावर मूळ पत्ता आणि ठेवल्याची तारीख लिहिलेली असते, ती तर मला फार आवडते. जुन्या पुस्तकात पहिल्या पानावर नाव आणि तारीख टाकायचे तशी.

एचटीएमएलच का टिकेल? कारण टिम बर्नर्स-लीनं १९९१ साली सर्नमध्ये मांडलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ आजच्या फोनवर उघडतं. तुमच्या २०१० च्या मोबाइलमधल्या किती फाइली आज उघडतात?

ऑफिसातल्या त्या मित्राचं म्हणणं असं की ही हौशी कामं झाली, खरं जतन म्हणजे 'वॉर्क'. इंटरनेट आर्काइव्ह आणि मोठमोठी ग्रंथालयं जे वापरतात ते. त्याला आयएसओचा क्रमांक आहे, २८५००. त्यात ब्राउझरनं काय मागितलं आणि सर्व्हरनं काय दिलं याचा शब्दन् शब्द टिपलेला असतो. सिंगलफाइल पान मांडून झाल्यावरचं रूप टिपतं, स्क्रिप्ट काढून टाकतं, मूळ बाइट तुमच्याकडे राहत नाहीत. "आणि तुझी एचटीएमएल कुणीही नोटपॅडमध्ये उघडून बदलू शकतो. पुरावा म्हणून तिची किंमत शून्य."

त्याचं खरं आहे. अगदी खरं आहे. विद्यापीठ असतं, राज्याचं ग्रंथालय असतं, तर मी त्याच्याच बाजूनं भांडलो असतो. मराठी संकेतस्थळं वॉर्कमध्ये गोळा करून ठेवायला कुणीतरी बसायला हवं होतं आणि अजूनही हवं आहे. पण वॉर्क उघडायला वेगळा वाचक लागतो, तो कसा लावायचा ते कुणीतरी शिकवावं लागतं. मी पान ठेवताना आता एवढंच विचारतो: दहा वर्षांनी, मी नसताना, नेट बंद असताना, मामीच्या फोनवर ही फाइल एका टिचकीत उघडेल का, आणि आत मराठी शब्द शोधता येईल का? वॉर्क पहिल्याच प्रश्नाला अडतं. इंजिनिअरांची एक खोड आहे, सगळ्यात परिपूर्ण फॉरमॅट सापडेपर्यंत काहीच ठेवायचं नाही. तेवढ्यात साइट जाते.

"पण इंटरनेट आर्काइव्हवर असतंच की सगळं" हा आणखी एक आवडता भ्रम. त्या संस्थेला माझा दंडवत आहे, देणगीही देतो. पण सगळं नसतं. अकराव्या लेखाचं पान मला तिथं मिळालं, प्रतिसादांचं दुसरं पान मिळालं नाही. लॉगिनमागचं नसतं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा काही दिवस तेच बंद होते. प्यू रिसर्चनं २०२४ मध्ये मोजलं, तर २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी नाहीशी झालेली होती. हा जगाचा हिशेब. मराठी साइटींचा कुणी केला नाही, करायची हिंमतही होणार नाही.

माझ्या फॉरमॅटच्या खोडीही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मलाच शिव्या द्याल. पान ठेवण्याआधी तळापर्यंत हळूहळू सरकत जा. हल्ली चित्रं समोर आल्याशिवाय उतरतच नाहीत. 'आणखी वाचा', 'सर्व प्रतिसाद' अशी बटणं आधी दाबून सगळं उघडा, कारण जे पडद्यावर झाकलेलं आहे ते सिंगलफाइल फालतू समजून काढून टाकू शकतं. प्रतिसाद चार पानांवर असतील तर चारही ठेवा. ही चूक मी केलेली आहे. व्हिडिओ त्यात येईल असं धरून चालू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसानं एचटीएमएल फाइल पाठवली तर उघडू नका, बँकेच्या पानाचं सोंग घेऊन गंडवणारे तेच वापरतात. ठेवल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाकून फाइल एकदा उघडून बघा. अर्धा मिनिट लागतो. हा अर्धा मिनिट मी २०१६ मध्ये दिला असता तर रिकामी चौकट मला त्याच रात्री दिसली असती.

आणि दोन शब्द संकेतस्थळं चालवणाऱ्यांना, त्यात वेबअंकही आले. राइट क्लिक बंद करून, कॉपी बंद करून तुम्ही कुणापासून काय वाचवताय? चोराला ते कुलूप दोन मिनिटांचं आहे. अडतो तो वाचक, ज्याला तुमचा लेख आईसाठी ठेवायचा होता. ज्या दिवशी तुमचे सर्व्हरचे पैसे संपतील, त्या दिवशी तुमचं लेखन त्याच वाचकाच्या फोनमध्ये उरलेलं असेल, तुम्ही उरू दिलं असेल तर. लेखाखाली फेसबुकचं बटण आहे, व्हॉट्सअ‍ॅपचं आहे. 'हे पान ठेवा' असं एक बटण द्यायला काय हरकत आहे? दाबलं की एक फाइल, चित्रांसकट, प्रतिसादांसकट. मी लिहून देतो, फुकट.

शेवटी मामीला काय पाठवलं? पहिले चार लेख उलगडून, एकेक एचटीएमएल करून. पाच ते नऊ चित्रांविना. पाचव्यात मामाच्या पीडीएफमधले नकाशाचे दोन तुकडे काढून एकमेकांखाली बसवले, मधली फट तशीच. दहावा स्क्रीनशॉटवरून आम्ही दोघां भावंडांनी टाइप केला, जिथं एक गायब आहे तिथं तसं लिहिलं. अकरावा अर्धवट प्रतिसादांसह. सगळं मिळून एखाद्या लग्नातल्या व्हिडिओपेक्षा लहान.

दोन दिवसांनी मामीचा फोन. आवडलं वगैरे काही नाही, सरळ मुद्द्यावर. "अरे, तिसऱ्या लेखाखाली एका बाईनं विचारलंय, वेशीतला तो आड कुणी बांधला. मामानं उत्तरच नाही दिलं तिला. मला माहितीये. इथं लिहायचं कसं?"

मी सांगितलं, तिथं आता लिहिता येत नाही, ती साइटच नाही. थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "मग तू लिहून घे."

ती सांगत गेली. मी लॅपटॉपवर ती फाइल उघडली, त्या बाईच्या प्रतिसादाखाली जागा केली आणि मामीच्या नावानं, त्या दिवसाची तारीख घालून, ती म्हणाली तसं टाइप केलं. मग फाइल तिला परत पाठवली.